मामाला काचेमागे का बसवलं

सौ. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा उभ्या उभ्या नमस्कार. (एरवी साष्टांग लिहिलं असतं, पण मुलांना नेमबाजीच्या रेंजवर नेण्याआधी घरीच पालथं पडून नेम कसा धरतात ते करून बघायची हौस आली, आणि मला उठवायला दोन माणसं लागली. तेव्हापासून कंबर माझं ऐकत नाही. आदर पूर्वीइतकाच आहे, फक्त तो वाकू शकत नाही.) तुझ्या सासूबाईंच्या पायाचं प्लास्टर निघालं का? त्यांना चालायला काठी दिली असेल तर ती त्यांच्या हाताशी आणि तुझ्यापासून लांब ठेव, कारण हे पत्र वाचता वाचता तुला काहीतरी उचलावंसं वाटण्याचा संभव आहे. दाजींना तिकडची हवा मानवली का? तुझा रक्तदाब कसा आहे? आजचं औषध घेतलं नसशील तर आधी घे आणि मग पुढे वाच.

सगळ्यात आधी सांगून टाकतो की दोन्ही मुलं सुखरूप आहेत. हात, पाय, डोळे, कान, सगळं तू सोपवून गेलीस तसंच आणि तेवढंच आहे. धाकट्याच्या गुडघ्याला खरचटलंय, पण ते जिन्याच्या कठड्यावरून घसरताना, आणि ते तो तू इथे असतानाही करतोच, त्यामुळे ते माझ्या खात्यावर धरू नकोस.

आता तू म्हणशील, हातात फोन असताना हा पत्र कशाला लिहीत बसलाय. ताई, फोनवर तू मला तिसऱ्या शब्दापुढे जाऊ देत नाहीस. मी "काल आम्ही" म्हणतो, आणि तू "सर्दी झाली ना कुणाला, मला वाटलंच" म्हणून वाफारा सांगून मोकळी होतेस. मग मलाही वाटायला लागतं की सर्दीच झाली असावी. यात तुझा दोष नाही, आपल्या घराचं वळणच तसं. बाबांची वाक्यं आई पुरी करायची, आईची तू, आणि माझ्या वाट्याला पुरं करायला कुणाचंच वाक्य उरलं नाही म्हणून मी शेवटी नाटक कंपनीत प्रॉम्प्टर झालो. उभा जन्म विंगेतल्या अंधारात स्टुलावर बसून, नट अडला रे अडला की पुढचा शब्द त्याच्या कानापर्यंत पोचवला. प्रेक्षकांना ऐकू जाता कामा नये आणि नटाला गेल्याशिवाय राहता कामा नये, अशी ती कुजबुज असते. लोकांना वाटतं सोपं आहे. असो. पत्राला मधे बोलता येत नाही, हा पत्राचा मोठा फायदा. तू आत्ता मनात जे बोलते आहेस ते मला ऐकू येत नाहीये, आणि मी पुढे लिहितोय.

धाकट्याच्या बंदुकीच्या वेडाबद्दल तुला नव्याने सांगायला नको. तू गेल्यापासून त्याने केरसुणी, छत्री, लाटणं आणि माझी चालायला जायची काठी, एवढ्या सगळ्यांनी नेम धरून झाला. शेजारचे दाताचे डॉक्टर सकाळी कचरा टाकायला बाहेर आले की हा गॅलरीतून त्यांना छत्रीने टिपायचा, आणि ते बिचारे सज्जन, हात वर करून आत जायचे. पण पुढे त्याने सायकलच्या ट्यूबची गलोल केली आणि डॉक्टरांच्या दुधाच्या बाटलीचा बळी घेतला. मी विचार केला, हा कुठूनतरी काहीतरी उचलून चालवणारच, तर निदान ज्याला कळतं अशा माणसाकडून शिकू दे. तू फोनवर परवानगी दिलीस, तीही कशी, ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. (पाठ असणं हा माझा धंदाच.) एकदाच जायचं. फक्त धाकट्याने जायचं. थोरलीला घरी एकटी ठेवू नकोस, बरोबर ने आणि बाकावर बसव, ती घाबरते.

हे शेवटचे दोन शब्द जरा लक्षात ठेव. ती घाबरते, असं तू म्हणालीस. मीही म्हणालो. धाकटा तर रस्ताभर म्हणत होता. थोरली आमच्या मधून चालत होती आणि तिला कुणी काही विचारलं नाही, कारण उत्तर आम्हा सगळ्यांनाच येत होतं.

तयारी मी जय्यत केली होती. दोघांच्या डोक्यावर सायकलची हेल्मेटं, गुडघ्यांना आणि कोपरांना पट्टे, कानात कापसाचे बोळे, अंगात लांबून दिसावेत म्हणून केशरी रेनकोट (बाहेर लख्ख ऊन होतं), आणि माझ्या पिशवीत मलमपट्टीचा डबा, ग्लुकोज, एक चादर आणि दाताच्या डॉक्टरांचा नंबर. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांचा माझ्याकडे नव्हता. बसमध्ये एका बाईंनी मला हळूच विचारलं की मुलं कुठल्या खाणीत उतरणार आहेत का.

रेंज म्हणजे एक लांबट, बुटक्या छपराचा हॉल आहे. पूर्वी तिथे काचसामानाचं गोदाम होतं म्हणे. एका टोकाला जाड रबराची भिंत, दुसऱ्या टोकाला ओळीने टेबलं, आणि टेबलांच्या पुढे जमिनीवर लाल रेघ. रेघेच्या पलीकडे कुणी पाऊल टाकायचं नाही. टेबलांवर एअर रायफली ठेवलेल्या असतात, तोंडं भिंतीकडे, आणि प्रत्येकीच्या नळीतून आरपार एक पिवळी दोरी ओवलेली. दोरी दिसली म्हणजे आत छर्रा नाही हे लांबूनही कळतं. हे सगळं बघून मला फार बरं वाटलं. नाटक कंपनीत आमच्याकडे एक लाकडी बंदूक होती, तिने एकदा राजाऐवजी प्रधानाचा पाय सुजवला होता, आणि तिच्या नळीत दोरी ओवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

शिकवायला एक बाई आहेत. पिकलेले, बारीक कापलेले केस, कोपरावर ठिगळ लावलेलं स्वेटर, आणि आवाज इतका साधा की त्या बंदुकीबद्दल बोलताहेत की विणकामाबद्दल ते कळू नये. त्यांनी आमची वरात बघितली, हसल्या नाहीत, आणि एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवायला लावली. हेल्मेटं नकोत, पट्टे नकोत, रेनकोट नकोत. कानातला कापूस तर आधी काढा, म्हणाल्या, एअर रायफलचा आवाज फार नसतो आणि आज्ञा ऐकू आलीच पाहिजे. डोळ्यांना चष्मे मात्र त्यांनी स्वतः दिले. मग सगळ्यांच्या पायांकडे बघितलं. मुलांचे बूट ठीक. माझ्या पायात चपला. उघड्या चपलांनी आत यायचं नाही, असा तिथला नियम निघाला. त्यामुळे एवढी जय्यत तयारी करून नेलेल्या माणसांपैकी दारात अडवला गेलो तो एकटा मी. शेवटी तिथल्या रखवालदाराने आपले जुने बूट दिले. ते माझ्या पायात होड्यांसारखे होते, आणि मी त्या दोन होड्या वल्हवत बाकापर्यंत गेलो.

थोरली माझ्या शेजारी बाकावर बसली. बाई तिच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या आणि तिला विचारलं, तुला करून बघायचंय का? ताई, मी लगेच सांगितलं की नाही, ती नुसती बसणार आहे, ती घाबरते. बाई म्हणाल्या, "मी तिला विचारलं." आणि गप्प उभ्या राहिल्या.

आता ही गप्प जागा किती मोठी होती ते तुला कसं सांगू? माझ्या आयुष्यात मी रंगमंचावर एवढी मोठी जागा कधी पडू दिली नाही. अशी जागा पडली की आमच्या धंद्यात माणूस नोकरीवरून जातो. माझी जीभ टाळ्याला लागली होती, "नाही" हा शब्द तयार होता, नुसता सोडायचा होता. मी रखवालदाराच्या बुटांकडे बघायला लागलो. बाई काही आपल्या हलेनात. घाई नाही, भुवया वर नाहीत, "बोल बाळ" नाही, काही नाही. आणि मग तुझी थोरली म्हणाली, "हो."

हो म्हणाली, ताई. तुला हे आत्ता पहिल्यांदाच कळतंय याची मला कल्पना आहे. फोनवर मी सांगणारच होतो, पण "थोरलीने" म्हटल्याबरोबर तू "तिला दूध दे" म्हणालीस. मी दूध दिलं.

पुढे चाप ओढायला मिळेपर्यंत बराच वेळ गेला. आधी नुसतं रिकामी रायफल उचलणं आणि ठेवणं. नळी नेहमी भिंतीकडे, मग तुम्हाला कुणी हाक मारो की नाकावर माशी बसो. रायफल रिकामी आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं असलं तरी ती भरलेलीच आहे असं समजायचं. बाई सांगेपर्यंत बोट चापापासून लांब, बाजूला सरळ. भरा आणि चालवा हे फक्त बाई म्हणणार. आणि थांबा हा शब्द मात्र कुणीही म्हणायचा, अगदी सगळ्यात लहान मुलानेसुद्धा, आणि तो ऐकला की सगळ्यांनी रायफल खाली ठेवून एक पाऊल मागे यायचं, का म्हणून विचारायचं नंतर. ही रीत मला जरा विचित्रच वाटली. आपल्या घरी थांबा म्हटल्यावर थांबलेलं माणूस मी बघितलेलं नाही.

हे नियम प्रत्येकाने बाईंना आपल्या शब्दांत सांगायचे होते. धाकटा चापाच्या नियमावर अडला. मी बाकावर होतो, त्याने माझ्याकडे बघितलं, आणि माझे ओठ आपोआप हलले. त्याने धाडकन सगळा नियम म्हणून टाकला, अगदी माझ्या चढउतारांसकट. बाईंनी त्याला विचारलं, असं का बरं? ते काही त्याला सांगता येईना, कारण मी तेवढंच दिलं होतं. बाईंनी वळून माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या की रायफल हातात असताना मामा शेजारी नसेल तर याने काय करायचं? मी म्हणालो, मामा शेजारीच असेल. त्या म्हणाल्या, तीच तर भीती आहे. मला वाटलं त्या गंमत करताहेत. धाकट्याला पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. थोरलीला मात्र त्यांनी विचारलं तेव्हा ती नेहमीसारखी मधे मधे थांबत, एकेक नियम उलगडून बघितल्यासारखी सांगत गेली, आणि मी माझे दोन्ही ओठ दातांत धरून बसलो होतो. ती अडखळत नाही, ताई. ती फक्त थांबते. इतकी वर्षं आपल्याला हा फरक कळलाच नाही, कारण ती थांबली की आपण दोघं तिच्या तोंडासमोर शब्द घेऊन हजर.

आता मुख्य गोष्ट. एवढं लांबण लावलं ते मुख्य गोष्ट सांगायची नव्हती म्हणूनच, हे तू ओळखलं असशील. औषध घेतलंस ना?

दोघांचे थोडे थोडे छर्रे मारून झाले होते. पलीकडची कागदी कार्डं तारेवरून पुढेमागे सरकतात, टेबलापाशी कप्पी फिरवली की झालं. त्यातली धाकट्याची तार अडकली. बाईंनी थांबा म्हटलं, रायफली खाली, दोऱ्या ओवल्या, सगळे टेबलापासून मागे, आणि मगच रखवालदार बाजूच्या दाराने पुढे गेला, पकडीने तार सोडवली, आणि त्याच दाराने परत बाहेर आला. सगळं पद्धतशीर. मग बाईंनी मुलांना पुन्हा टेबलापाशी बोलावलं. भरा, म्हणाल्या. दोघांनी भरलं. नेम धरला. आणि बाई गप्प झाल्या.

चालवा म्हणण्याआधी त्या नेहमीच क्षणभर थांबतात, डावीकडून उजवीकडे सगळं नजरेखालून घालतात. पण या वेळी ती जागा लांबली. दोन मुलं नेम धरून उभी, बाईंचं तोंड बंद, आणि पुढचा शब्द कुठला ते मला पक्कं ठाऊक. ताई, मी विचार केला असता तर गप्प बसलो असतो. पण विचार करून प्रॉम्प्टिंग होत नाही. माझ्या तोंडातून, अगदी आतल्या आवाजात, थेट मुलांच्या कानापर्यंत जाईल आणि एक वीतही पुढे जाणार नाही असं, स्वच्छ निघून गेलं: "चालवा."

धाकट्याचं बोट चापाकडे गेलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी असंच कुजबुजलो की तो बोलतो, तसंच. आणि त्याच क्षणी त्या हॉलमध्ये एक आवाज उठला, "थांबा." मी बाईंकडे बघितलं. बाईंचा हात अर्धा वर गेला होता, पण त्या बोलल्या नव्हत्या. बोलली होती थोरली. तो आवाज मी याआधी कधी ऐकला नव्हता. आमच्या नाट्यगृहात तो शेवटच्या रांगेतल्या झोपलेल्या माणसापर्यंत गेला असता. तिने आपली रायफल खाली ठेवली, एक पाऊल मागे आली, आणि धाकट्यानेही ठेवली. शपथ सांगतो, त्याने एकदा सांगून ऐकल्याचा हा पहिलाच प्रसंग.

बाई गप्प का झाल्या होत्या ते मग कळलं. बाजूच्या दाराची कडी लागलेली नव्हती. दार बोटभर उघडलं होतं, आणि पलीकडे रखवालदार दाराला हात घालून उभा होता. पकड आतच राहिली होती म्हणून परत निघाला होता. थांबा ऐकून तो जागीच थबकला. बाईंनी जाऊन कडी घातली, त्याला चार शब्द सुनावले, कडी लागली आहे हे बघितल्याशिवाय भरा म्हटलं ही माझी चूक, असं सगळ्यांसमोर स्वतःलाही सुनावलं, आणि मग परत येऊन विचारलं की चालवा कोण म्हणालं.

उभं राहायचं म्हटलं तरी त्या होड्यांनी साथ दिली नसती. मी हात वर केला, दाताचे डॉक्टर करतात तसा. कुणालाही काही झालं नाही, दार बोटभरच उघडं होतं, छर्रा सुटलाच नाही, हे सगळं खरं आहे, पण त्या रात्री मला झोप आली नाही आणि तुला हे न सांगता राहिलो असतो तर पुढेही आली नसती. फार भ्यालो होतो मी.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी थोरलीला विचारलं, तू थांबा का म्हणालीस? (पुन्हा ती मोठी जागा. या वेळी मी कानावर हात ठेवून बसलो.) ती म्हणाली, "आवाज मामाचा होता. चालवा तुम्हीच म्हणायचं असतं." बाकी कुणाला तो आवाज ओळखता आला नसता, ताई. पण ती लहान असल्यापासून प्रत्येक पाहुण्यासमोर, प्रत्येक प्रश्नाला, तिच्या कानाशी मीच तर कुजबुजत आलोय.

मग मला काचेमागे बसवलं. हॉलच्या मागे एक छोटी खोली आहे, मधे जाड काच, आतून सगळं दिसतं आणि बाहेर काही ऐकू जात नाही. मुलांबरोबर मोठं माणूस आलंच पाहिजे असा नियम असल्यामुळे मला हाकलून देता येत नव्हतं. तिथे बसून मी पुष्कळ बोललो. कुणाला काही फरक पडला नाही, आणि सगळं माझ्याशिवाय व्यवस्थित चाललं होतं. धाकट्याने कार्डाची चाळण केली. थोरलीचे छर्रे बहुतेक रबराच्या भिंतीत गेले, दोन तेवढे कार्डाच्या कडेला लागले, तेव्हा ती मोठी नेमबाज होणार वगैरे काही मी म्हणत नाही. पण प्रत्येक छर्ऱ्याआधी ती थांबायची, श्वास सोडायची, वाटलं तर रायफल खाली ठेवून पुन्हा उचलायची, आणि बाई, धाकटा, रखवालदार, सगळी माणसं तिच्यासाठी मुकाट उभी असायची. मी काचेला नाक लावून बघत होतो. मला रडू आलं, ते सांगायला लाज कसली. निघताना साबणाने हात धुवायचे असतात, छर्रे शिशाचे असतात म्हणून. धाकट्याने कोपरापर्यंत धुतले, मी हे डोळ्यांनी बघितलं.

तर हकिगत ही अशी. धाकट्याचं बंदुकीचं वेड पार उतरलं आहे, कारण तिथे फार वेळ स्थिर उभं राहावं लागतं असं त्याचं म्हणणं पडलं. आता त्याला ढोल हवा आहे. दाताच्या डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही. सासूबाईंना माझा नमस्कार, दाजींना जेवताना हळू खायला सांग, आणि तू जप.

तुझा,
सध्या जिभेला कुलूप लावून हिंडणारा भाऊ

ता. क. तुझी निळी काचेची बरणी धाकट्याच्या हातून फुटली. वरच्या सगळ्या मजकुरानंतर ही बातमी तुला किरकोळ वाटावी म्हणून इथे लिहिली.

ता. क. दुसरं. खरं पत्र आता सुरू होतं. घरी येताना थोरली बसमध्ये काहीतरी सांगायला लागली, मी खिडकीबाहेर बघत बसलो, आणि दोन थांबे गेल्यावर वाक्य पुरं झालं: "मामा, तिथे सगळे थांबतात." तिला दर रविवारी जायचंय. तू परवानगी दिली होतीस ती एकदाची आणि धाकट्याची, हे तिला माहीत आहे, आणि तुला बंदुकीची धास्ती आहे हेही. मी म्हटलं, मी तुझ्या आईशी बोलतो. ती म्हणाली, नको, मी बोलेन. येत्या रविवारी संध्याकाळी ती स्वतः फोन करणार आहे. ताई, तुझ्या फोनवर आजवर तिला "हं" म्हणण्यापुरतीच जागा मिळत आली आहे. तू बरी आहेस ना, जेवलीस ना, अभ्यास झाला ना, बरं मामाला दे, असं तिन्ही उत्तरांसकट एका दमात होतं. या वेळी ती "आई" म्हणेल आणि थांबेल. बराच वेळ थांबेल. तुला वाटेल लाइन गेली. लाइन गेलेली नसेल. तू सासूबाईंची काठी घट्ट धरून ठेव, पण बोलू नकोस.

ता. क. तिसरं. काल आम्ही या फोनची तालीम केली. तुझी भूमिका मी केली. तिच्या दुसऱ्या शब्दालाच मी म्हणालो, "सर्दी झाली का गं?" त्यावर ती मला शांतपणे म्हणाली, "थांबा." तेव्हा तुलाही तसंच म्हणाली तर राग मानू नकोस. आईला कुणी अहो-जाहो करत नाही, पण रेंजवर तसंच म्हणतात, आणि ते ऐकल्यावर हातातलं खाली ठेवायचं असतं.

ता. क. शेवटचं. ती काय विचारणार ते मी तुला कळवणार नाही, असं मी तिला कबूल केलं होतं. ते वर लिहून बसलोय, तेव्हा तू पहिल्यांदाच ऐकते आहेस असं दाखव. आणि उत्तर काय द्यायचं, ते मात्र तुझं तू ठरव. त्यात मी एक अक्षरही सांगणार नाही.

(हो म्हण.)